रायफलीच्या अंगावरची अक्षरं

बोल्टच्या मुठीमागे, जिथे पोलाद संपून लाकडी दस्ता सुरू होतो, तिथे एक कडं असतं. जुन्या थ्री नॉट थ्री रायफलीची जन्मकुंडली त्या कड्याच्या उजव्या अंगावर ठोकलेली असते. सगळ्यात वर मुकुट, त्याखाली जी. आर. आय. ही अक्षरं, मग इशापूर हे गाव, मग साल, आणि शेवटी एसएचटी. एल. ई. अशी जातीची खूण आणि रोमन तीन. हाताच्या दोन बोटांखाली झाकली जाईल एवढीच ही जागा. जगभरचे संग्राहक रायफल हातात आली की आधी तिथेच अंगठा फिरवतात. आपल्याकडे मात्र आजोबांच्या फोटोत हातात बंदूक आहे एवढंच बघून आपण पुढे जातो.

सातारा आणि सांगली हे १९४९ पर्यंत मोठ्या प्रमाणात एकाच जिल्ह्याचे भाग होते. पुढे दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या पट्ट्यात थ्री नॉट थ्री हे नाव न ऐकलेलं घर सापडणं अवघड आहे. कुणाचे पणजोबा ती खांद्याला लावून बसऱ्याला गेले, कुणाचे वडील ती घेऊन खजिन्याच्या पहाऱ्यावर उभे राहिले, आणि कुणाच्या आजोबांनी ती पोलिसाच्या हातून हिसकावून घेतली. एकच हत्यार, एकाच जिल्ह्यात, सरकारच्या बाजूनेही आणि सरकारच्या विरुद्धही चाललं. कड्यावरचा मुकुट दोन्हीकडे सारखाच होता. म्हणून मुकुटाखालच्या बारीक खुणा वाचता येणं इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त गरजेचं आहे. रायफल कोणत्या हातातून कोणत्या हातात गेली, याचा धागा त्या खुणांमधूनच मिळतो.

आपण जिला थ्री नॉट थ्री म्हणतो ती ली-एनफिल्ड जातीची आखूड रायफल ब्रिटिश सैन्याने १९०२ च्या अखेरीस मंजूर केली. तिची सर्वांत गाजलेली आवृत्ती, मार्क तीन, १९०७ मध्ये आली. वजन चार किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये दहा काडतुसं. इंग्लंडमध्ये ती एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात आणि बीएसए, एलएसए अशा खासगी कंपन्यांत बनली, ऑस्ट्रेलियात लिथगोला आणि आपल्याकडे बंगालमधल्या इशापूरला. इशापूर हे बराकपूरपासून अगदी जवळ. १८५७ च्या मार्चमध्ये मंगल पांडे यांनी गोळी झाडली ती याच बराकपूरला, आणि त्या असंतोषाला ठिणगी लागली ती एनफिल्डच्याच आधीच्या रायफलीच्या काडतुसांवरून. जिथे बंदुकीवरून बंड पेटलं, त्याच्या शेजारी पुढे बंदुकांचा कारखाना उभा राहिला आणि त्याच कारखान्यातली हत्यारं आपल्या पोलीस हेडक्वार्टरांत आली.

आता अक्षरांकडे. राजाच्या नावाचं आद्याक्षर, मग ‘रेक्स’ म्हणजे राजा. इंग्लंडमध्ये बनलेल्या रायफलीवर ही दोनच अक्षरं असतात. इशापूरच्या रायफलीवर तिसरं अक्षर येतं, ‘आय’, म्हणजे सम्राट. इंग्लंडचा राजा हिंदुस्थानचा सम्राट होता, म्हणून हे जास्तीचं अक्षर फक्त इथल्या मालावर. एडवर्डच्या काळातल्या रायफलीवर ई, जॉर्जच्या काळातल्यांवर जी. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले आणि आरएफआय ही कारखान्याची अक्षरं. सत्तांतराची तारीख पोलादावर इतकी स्पष्ट उमटलेली दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

सांगलीकडच्या एका कॉलेजात एनसीसीच्या खोलीत मला अशी एक रायफल जवळून बघायला मिळाली. कवायतीची होती. कवायतीच्या रायफलीच्या चेंबरला भोक पाडतात, पिन काढून टाकतात आणि अंगावर डी. पी. ठोकतात, म्हणजे ती फक्त ‘शस्त्र सलामी’पुरती राहते. ती मला उलगडून दाखवणारे गृहस्थ कोरेगावकडचे, सैन्यातून आर्मोरर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आधी वास घेण्यासाठी रायफल नाकाशी नेली. मग तेल लावलेल्या चिंधीचं टोक कड्यावरून एकदाच, अगदी हलक्या हाताने फिरवलं.

“घासायचं न्हाई,” ते म्हणाले. “कोतातली पोरं ब्रासो घेऊन बसत्यात आन् चकाकी आणत्यात. चकाकी आली की नंबर ग्येला.”

त्यांनी नंबर बघण्याचा क्रम दाखवला. नळीच्या मुळाशी, बोल्टच्या मुठीमागे, पुढच्या टोपीवर, मागच्या साइटच्या पट्टीखाली. कारखान्यातून बाहेर पडताना हे सगळे आकडे एक असतात. या रायफलीत बोल्टचा नंबर वेगळा होता. युद्धात, दुरुस्तीत किंवा कोतातल्या, म्हणजे शस्त्रागारातल्या, साफसफाईच्या गडबडीत दोन रायफलींचे बोल्ट अदलाबदल होतात. संग्राहकासाठी हे मोल उतरवणारं, आणि चालवणाऱ्यासाठी धोक्याचं. बोल्ट आणि चेंबर यांच्यातली फट बारीक मापाने जुळवलेली असते. ती वाढली तर काडतूस मागे फाटू शकतं. सर्व नंबर जुळणारी रायफल शोधण्यामागे हौसेपेक्षा हे कारण मोठं आहे.

मग त्यांनी लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू बोटाने दाखवला. तो इंग्लंडच्या रायफलीत नसतो. इशापूरवाल्यांनी लाकूड फाटू नये म्हणून तो घातला. “ह्यो दिसला की समजायचं आपली हाय,” ते म्हणाले. कड्यावर मुकुट इंग्लंडचा असला तरी तो स्क्रू असेल तर रायफल इशापूरच्या हाताखालून गेलेली. दुरुस्तीसाठी परत गेलेल्या रायफलीवर एफ. आर. आणि पुढे साल असतं. नळीवर बाणाखाली ‘आय’ असेल तर ती हिंदुस्थान सरकारच्या मालकीची. दोन बाण एकमेकांच्या टोकाला टोक लावून उभे असतील तर ती सरकारने विकून टाकलेली. मालकी आली आणि गेली, हे बाणांतच लिहिलेलं असतं.

पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या रायफलींच्या दस्त्यात पितळेची एक चकती बसवलेली असे. तिच्यावर पलटणीची खूण आणि रायफलीचा क्रमांक. युद्धात घाईगर्दी झाली आणि १९१६ च्या सुमाराला नव्या रायफलींवर ती बसवणं बंद झालं. संग्राहकांच्या जगात ही चकती म्हणजे सोनं, कारण तिच्यावरून रायफल थेट एका पलटणीपर्यंत नेता येते. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, तिथल्या ४६ जणांचं पहिल्या महायुद्धातलं बलिदान गाव आजही सांगतं. त्या काळात सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात लढत होती. मराठा पलटणी तिच्यात होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सैन्य महिनोन् महिने अडकलं आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलं. त्या सैन्यातली कुठली रायफल कुणाची होती, हे सांगणारी वस्तू एकच, ती चकती. माणसांची नावं दगडावर कोरली गेली, त्यांच्या हातातल्या हत्याराचे क्रमांक मात्र आपण कुठेच उतरवून ठेवले नाहीत.

अंगावरच्या खुणांनी एखाद्या रायफलीचं काय होतं ते बघायचं तर लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधली एक रायफल बघावी. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीत तुर्कांनी ती ब्रिटिशांकडून पकडली. तुर्कांचा युद्धमंत्री एन्वर पाशा याने तिच्यावर सोन्याच्या अक्षरांत दार्दानेल्सच्या लढाईतली लूट अशा अर्थाचा मजकूर कोरून ती मक्केच्या शरीफ घराण्याला भेट दिली. त्या घराण्यातल्या फैसलने ती ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्सला दिली. लॉरेन्सने दस्त्यावर आपली आद्याक्षरं कोरली, आणि शेवटी ती राजा पाचव्या जॉर्जला दिली. ती रायफल लाखो निघाल्या त्यातलीच एक. पोलाद तेच, लाकूड तेच. इतक्या हातांतून जाताना तिच्यावर काही लिहिलं गेलं म्हणून ती अमूल्य ठरली.

आणि म्हणूनच खुणा खोट्याही बनतात. खैबरखिंडीकडच्या, दारा आदम खेलच्या कारागिरांनी शंभराहून अधिक वर्षं हाताने ली-एनफिल्डच्या नकला केल्या. कारागिरी थक्क करणारी असते, पण अक्षरं त्यांना वाचता येत नसत, ती चित्रासारखी उतरवली जात. त्यामुळे एन उलटा पडतो, एनफिल्डचं स्पेलिंग बिघडतं, मुकुटाचे मणी कमी-जास्त होतात. सर्वांत पक्की कसोटी सालाची. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये गेली. तिच्या अक्षरांखाली त्यानंतरचं साल असेल तर रायफल कुणीतरी बनवली आहे, पण एनफिल्डने नाही. चोर बाजारात आणि हल्ली रिसॉर्टच्या भिंतींवर दिसणाऱ्या मस्कटींची हीच गत. ईस्ट इंडिया कंपनीच्या खऱ्या हत्यारांवर आधी चार भागांत कंपनीची अक्षरं घातलेली हृदयाकार खूण आणि पुढे मुकुट धरलेला सिंह असे. नकलांवर तीच चित्रं सुबक, एकसारखी आणि नव्या छिन्नीने केलेली असतात. साताऱ्याच्या एखाद्या जुन्या वाड्यात ठासणीची बंदूक दिसली तर आधी लॉकची पट्टी बघावी. धूळ सांगत नाही ती किती जुनी, पट्टी सांगते.

आता त्या मुद्द्याकडे येतो, ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

१९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने या भागात इंग्रजांना समांतर सत्ता चालवली. त्याची तुफान सेना उभी राहिली. तिला शस्त्रं लागत होती, आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाच्या घरातून बंदूक केव्हाच गेलेली होती. मग शस्त्रं आली कुठून? दोन वाटांनी. पोलिसांकडून हिसकावून, आणि पोर्तुगिजांच्या गोव्यातून विकत घेऊन. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीच्या तुरुंगातून पलायन केलं. पहारेकऱ्यांची हत्यारं हिसकावून ते किल्ल्याच्या तटावरून बाहेर पडले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीला बळी पडले, दादांच्याही खांद्यात गोळी घुसली. नाना पाटलांच्या लेक हौसाताई यांनी भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक केलं. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि साथीदारांनी आतल्या रायफली उचलल्या. हौसाताई गोव्याला शस्त्रांसाठीही गेल्या, आणि मांडवी नदी लाकडी पेटीच्या आधाराने पार करून परतल्या. २०२१ मध्ये त्या गेल्या. प्रतिसरकारातल्या जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्या गटांनीही गोव्याची वाट वापरली. शिराळ्याकडे मणदूरच्या डोंगरात फेब्रुवारी १९४६ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर आणि आझाद हिंद सेनेतून आलेले नानकसिंग यांनी प्राण दिले.

या कथा गावोगाव सांगितल्या जातात, त्यावर पोवाडे झाले. पण हातातल्या हत्यारांचं काय? इथे खुणा बोलतात. १८५७ नंतर इंग्रज सरकारचा देशी शिपायावर विश्वास नव्हता, आणि पोलीस व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांवर तर त्याहून कमी. म्हणून सैन्याच्या जुन्या थ्री नॉट थ्री रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून त्यांच्या ४१० बोअरच्या मस्कटी बनवल्या गेल्या. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे एका वेळी एकच गोळी. काडतूसही वेगळं, सरळ भिंतीचं, म्हणजे ते सैन्याच्या रायफलीत चालू नये. बाहेरून बघाल तर थ्री नॉट थ्रीच वाटते. नळीत बघाल तर आटे नाहीत.

याचा अर्थ असा, की कुंडल, वाळवा, शिराळा या पट्ट्यात एखाद्या घराच्या माळ्यावरून किंवा विहिरीच्या गाळातून अशी बंदूक निघाली आणि तिची नळी आतून गुळगुळीत असली, तर ती थेट सैन्यातून आलेली नाही. ती पोलिसाच्या किंवा पहारेकऱ्याच्या हातातली. तिच्यावर मुकुट आणि इंग्रज सरकारचा बाण असणारच. पण ती हिसकावली गेली त्या क्षणापासून तिचा अर्थ बदललेला आहे. आणि पोलिसाची बंदूक जाणं ही त्या काळी नोंद न करता मिटवण्यासारखी बाब नव्हती. फिर्यादीत तिचा नंबर येतो, ठाण्याच्या रजिस्टरात येतो. बंदूक हातात असेल आणि कागद अभिलेखागारात असेल, तर दोघांची गाठ घालता येते. गोव्याच्या वाटेने आलेली बंदूक ओळखायची तर दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतील. पोर्तुगिजांच्या १९०४ च्या माउझर-व्हर्गेरो रायफलीवर मुकुटाखाली राजा कार्लुश पहिल्याची एकमेकांत गुंफलेली अक्षरं असतात आणि कारखाना बर्लिनचा. अशा अक्षरांची रायफल कृष्णाकाठी सापडली, तर ती तिथवर कशी आली याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

परदेशी बाजारात मोल ठरतं ते नंबर जुळतात का, मूळ लाकूड-मुलामा टिकला आहे का, कारखाना दुर्मीळ आहे का, यावर. सगळ्यात वर असतो कागदोपत्री इतिहास. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने बाहेरून आणलेल्या प्रत्येक रायफलीवर आयात करणाऱ्याची खूण ठोकावी लागते. संग्राहकांना ही नवी खूण डोळ्यांत खुपते. इशापूरच्याही रायफली त्या बाजारात पोचल्या आहेत. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान बोल्ट ओढायच्या थ्री नॉट थ्री घेऊन लढले. त्यानंतर इशापूरने त्याच बांधणीवर ७.६२ गोळी वापरणारी टू ए काढली आणि मग टू ए वन. मागच्या साइटवर दोन हजारपर्यंत आकडे असतील तर टू ए, आठशेपर्यंत असतील तर टू ए वन. या दोन रायफली बोल्टच्या युगाच्या अगदी शेवटच्या म्हणून तिकडे हौसेने घेतल्या जातात.

आपल्याकडे असा बाजार नाही, आणि नसावा. थ्री नॉट थ्री हे सैन्याचं बोअर, सामान्य परवान्यावर मिळत नाही. म्हणून तर त्याच जातीची थ्री फिफ्टीन रायफल नागरी परवान्यासाठी बनते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ८ तर प्रत्येकाला माहीत असावं असं आहे. बंदुकीवरचा नंबर किंवा नाव पुसणं, बदलणं हा गुन्हा आहेच. पण पुसलेल्या नंबराची बंदूक ज्याच्याकडे सापडते, त्यानेच तो पुसला असं कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध होईपर्यंत. ‘पणजोबांची आठवण’ म्हणून गंज काढायला घासकागद घेऊन बसणारा माणूस एकाच वेळी इतिहास आणि स्वतःचा बचाव दोन्ही घासत असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यानंतर जिल्ह्यांत किती जुनी शस्त्रं जमा झाली असतील, आणि जमा करताना त्यांच्या नंबरापलीकडच्या खुणा कुणी लिहून घेतल्या असतील, हा प्रश्न मला सतावतो.

पोलिसांकडची थ्री नॉट थ्रीही जात आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनानंतर तिला निरोप दिला. महाराष्ट्रात तिच्या मर्यादा २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री मुंबईत सीएसएमटी स्थानकावर सगळ्यांनी पाहिल्या. समोर एके-४७, इकडे प्रत्येक गोळीमागे बोल्ट ओढायचा. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावच्या तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ काठी असताना हल्लेखोर कसाबची बंदूक पकडून ठेवली. ही रायफल सेवेतून जायलाच हवी होती, यात मला शंका नाही. पण बाद झालेली हत्यारं कापली जातात, वितळवली जातात. त्या आधी एक माणूस वही घेऊन बसला तर? पूर्वी एखाद्या पहाऱ्यावर, एखाद्या ठाण्यात वापरलेल्या रायफलीचा कड्यावरचा मजकूर, नळीवरची खूण, दस्त्याची चकती असली तर तिचा फोटो, दस्त्यावरचा बट नंबर, दुरुस्तीचं साल. एका रायफलीला दहा मिनिटं पुरतात.

जे संग्रहालय, जे स्मारक, जे राजघराणं अशी हत्यारं जपून आहे, त्यांनी पाटीवर फक्त ‘बंदूक, इंग्रज काळ’ लिहू नये. कारखाना, साल, राजाची अक्षरं, मालकीची खूण, नळी आट्यांची की गुळगुळीत, आणि ती कुणाकडून आली एवढं तरी लिहावं. गुळगुळीत नळीची ४१० मस्कट आणि आट्यांची थ्री नॉट थ्री शेजारी ठेवून दोघींखाली एकच पाटी लावली, तर बघायला येणाऱ्या शाळकरी पोराला या जिल्ह्याची निम्मी कथा कळतच नाही.

आणि वाडा पाडताना, विहीर उपसताना काही हाती लागलंच, तर पहिलं काम ठाण्याला कळवणं. दुसरं, पुसायचं नाही, घासायचं नाही, केरोसिनमध्ये बुडवायचं नाही. पंचनाम्यात नंबरासोबत बाकीच्या खुणाही लिहून घ्या, असं तिथल्या अंमलदाराला सांगायचं. गंजाने अक्षरं गेली म्हणून हताश व्हायचं कारण नाही. पोलादात ठोकलेल्या आकड्याखालचं पोलाद दाबलेलं असतं. वरची अक्षरं गेली तरी तो दाब खाली राहतो, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणाने तो पुन्हा वर आणता येतो. गुन्ह्यांच्या तपासात हे नेहमी करतात. १९४३ साली सांगलीच्या तटावरून उडी मारून गेलेल्या एखाद्या बंदुकीसाठीही ते करता येईल.